आधी तुझे पाय, मग माझे

द्वारके, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझा लेक मला म्हणाला, "मावशी, तुमी चार शब्द बोला." मी उठले. समोर पांढऱ्या कपड्यातली माणसं, खुर्चीवर तुझा फोटो, फोटोला हार. दवाखान्यातल्या लोकांचं बोलून झालं होतं. तुझी नोकरी किती वर्षं झाली, किती बाळंतिणींजवळ तू बसलीस, सगळं त्यांनी नीट सांगितलं. आणि मी, जिला गप्प बसवायला तुला तोंडात सुपारी द्यावी लागायची, ती नुसती उभी राहिले नि तशीच खाली बसले. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "भाटघरच्या बाई हायेत त्या, लई जवळच्या हुत्या." जवळच्या म्हणजे किती, हे त्या मांडवात मी कसं सांगणार? तुझे पाय माझ्या मांडीवर, माझे तुझ्या मांडीवर, असं पंधराएक वर्षं चाललं, हे चारचौघांत सांगायचं म्हणजे लोक हसले असते. तू तर पहिली हसली असतीस.

म्हणून लिहिते. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे. बेडूक उड्या मारत गेल्यासारखं दिसतं, असं तूच म्हणायचीस. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. माझी सुमन पाटीवर गिरवायची तेव्हा तिच्या शेजारी बसून मी गिरवलं, तेवढीच माझी शाळा. तुला सांगायचं राहिलंय ते पुष्कळ आहे. काही भांडण राहिलंय, काही माफी राहिलीय, आणि कालपासून एक बातमी आहे, ती तर तुझ्यावाचून कुणाला सांगायची?

पण आधीपासून येऊ दे मला. मधूनच सुरुवात केली की मी भरकटते, हे तूच सांगायचीस.

सुमन गेली त्या साली मी बोलायची थांबले. मी! आमच्या आळीत पहाटे कोंबड्याच्या आधी माझा आवाज ऐकू यायचा. ती मी महिना महिना हूं का चूं करेना. जेवण कडू लागे. चुलीवर दूध ठेवलं की डोळ्यांसमोर उतू जाई आणि मला हात पुढं करायचं सुचत नसे. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, त्यांनी देवऋषी आणला. त्यानं लिंबू उतरवलं, अंगारा लावला, "बाहेरचं हाय" म्हणाला. आमच्या कारभाऱ्यांचा त्याच्यावर भरोसा नव्हता. ते मला बैलगाडीत घालून भोरला सरकारी दवाखान्यात घेऊन आले. तरणा डॉक्टर होता, पुण्याकडचा. माणूस चांगला. छाती तपासली, डोळे बघितले, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "शरीराला काही नाही. मन कशात तरी गुंतवा."

मला वाटलं, कशात गुंतवू? मन काय म्हशीचं दावं आहे, की खुंटा दिसला नि गुंतवलं?

तू तेव्हा कोपऱ्यात शेगडीवर सुया उकळत होतीस. निळ्या काठाचं पांढरं लुगडं घातलेला तुझा आयाचा अवतार मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. डॉक्टर उठून गेले तशी तू जवळ आलीस. माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाहीस. खाली वाकून माझ्या पायांकडं पाहिलंस. भेगा अशा पडल्या होत्या की त्यात सुतळी बसली असती.

"बाजाराच्या दिवशी येता का भोरात?"

मी मान हलवली.

"मग दुपारी माझ्या घरी या. नदीकडच्या आळीत, कुनालाबी विचारा, दवाखान्यातल्या द्वारकाबाई. काशाची वाटी हाय माझ्याकडं. पाय घासून देते. झोप लागंल."

काशाच्या वाटीनं तळपाय घासायचे, म्हणजे अंगातली आग उतरते, हे मलाही माहीत होतं. माझी आई घासायची. पण नदीकडची आळी म्हणजे बौद्धांची, हेही मला माहीत होतं. लपवत नाही तुझ्यापासून. तू गेलीस म्हणून आता मी गोड बोलणार नाही.

तरी आले. भाटघरहून भोर तासाभराची वाट. पाटीतली वांगी दुपारपर्यंत विकली आणि डोक्यावरून पदर पुढं ओढून तुझ्या आळीत शिरले. तू दारातच पाट मांडून बसली होतीस. वाटी, खोबरेल, एक फडकं. मी बसले. तू माझा पाय हातात घेण्याआधी म्हणालीस, "आधी एक ठरवू. आज मी तुमचे घासते. मग तुमी माझे घासायचे. आळीपाळीनं. दवाखान्यासारखं नंबरानं."

मी पाय मागं घेतला.

तू काही चिडली नाहीस. शांतपणे सांगितलंस, "माझ्या आईनं जन्मभर गावच्या बाळंतिणींचे पाय धुतले, चेपले. घरात कुनी तिचे चेपले न्हाईत. आमी दीक्षा घेतली तवा म्या मनाशी ठरवलं, पोटासाठी दवाखान्यात काय बी करीन, पन कुनाचे पाय एकतर्फी धरनार न्हाई. धरले तर त्यानं माझे धरायचे. जमत नसंल तर डॉक्टरच्या गोळ्या हायेत की."

मी उठले नि चालायला लागले. तू हाकसुद्धा मारली नाहीस. पुढच्या बाजारी मी आले नाही. त्याच्या पुढच्या बाजारी तुझ्या आळीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरले. तिसऱ्या बाजारी आले, पाटावर बसले नि म्हणाले, "आधी तुमचे."

महिन्याभरात मी बोललेलं ते पहिलं वाक्य, द्वारके. तुला मी हे कधी सांगितलंच नाही. तुला वाटलं मी नियम मान्य केला. मला मात्र माझाच आवाज ऐकून दचकायला झालं होतं.

तुझे पाय माझ्याहून मऊ होते. दवाखान्याच्या फरशीवर वाढलेले पाय. मी घासू लागले, तर तू खिदळायला लागलीस. "अगं बया, गुदगुल्या! जोर लावा की, भांडं घासताय का लोनी काढताय?" मग माझे पाय तू घेतलेस. थोड्या वेळानं तळपाय काळेकुट्ट झाले. मी म्हणाले, "बघा, केवढी आग निघतीय." तू वाटी उलटी करून दाखवलीस. "ती आग न्हाई, काशाचं काळं हाय ते. डॉक्टर म्हनतात, तेल नि कासं घासलं की असं होतंच. खोट्या आगीवर खुश व्हायचं न्हाई." आणि वाटी पुन्हा सुलटी करत, "पन झोप लागती, हे खरं हाय."

झोप लागली. त्या दिवशी घरी गेल्यावर दिवस मावळायच्या आत मी आडवी झाले ती सकाळीच उठले.

पाण्याचं तुला आठवतं? दोन-तीन बाजार मी तुझ्या घरी पाणी न पिता गेले. उन्हातून यायचे, तू तांब्या पुढं करायचीस, मी म्हणायचे, तहान नाही. एक दिवस तू वाटी खाली ठेवलीस. "पाय चालतात माझ्या हाताला. पानी चालत न्हाई. तुमचे पाय बाटत न्हाईत, फक्त घसा बाटतो व्हय?" मी तांब्या उचलला आणि तोंड न लावता वरून गटागटा सगळा रिकामा केला. अर्धं पाणी लुगड्यावर. तू म्हणालीस, "घ्या, घसा न्हाई बाटला, पदर बाटला." मग आपण दोघी जे हसलो! सुमन गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी. हसल्यावर मला घाबरायला झालं, लेक जाऊन चार महिने झाले नाहीत नि मी हसते! तू माझ्या चेहऱ्यावरचं ओळखलंस. म्हणालीस, "हसल्यानं ती दूर जात न्हाई." त्या दिवसापासून 'तुमी' गेलं, 'तू' आलं. मी पारूबाईची पारू झाले.

सुपारीची गोष्ट मी आता सगळ्यांना सांगते. तुझा दुसरा नियम. ज्याच्या हातात वाटी, त्यानं गालात सुपारी धरायची. चावायची नाही, नुसती धरायची. ज्याचे पाय मांडीवर, त्यानंच बोलायचं, बोलावंसं वाटलं तर. मी विचारलं, "हे का?" तर म्हणालीस, "दवाखान्यात मी बघते. पेशंट तोंड उघडतं न्हाई तोवर सगळी सांगायला बसत्यात. माझ्या बहिनीलाबी असंच झालं, माझ्या भावजयीलाबी असंच झालं. बिचाऱ्याचं ऱ्हातं बाजूला. सुपारी असली की जीभ जाग्यावर ऱ्हाती." मला ते कधी जमलं नाही. तू "आज दवाखान्यात काय झालं म्हायतीय" असं म्हणालीस की मी लगेच "काय झालं?" आणि कटकन सुपारी फुटायची. "दाढ जाईल एक दिवस तुझी," असं तू दर वेळी म्हणायचीस. तुला मी कळू दिलं नाही, दोन वर्षांमागं गेलीच ती. त्याच बाजूची.

तर तुझ्या गालात सुपारी होती त्या दिवशी मी बोलले. कितवा बाजार होता सांगता येत नाही. थंडी पडली होती, शेतात हरभरा होता. तू उजवा पाय घासत होतीस.

सुमन पंचमीला माहेरी आली होती. गुंजवण्याला दिली होती तिला, राजगडाच्या पायथ्याशी. माणसं चांगली, भातशेती बरी. झोके झाले, फेर झाले. चौथ्या दिवशी तिचा सासरा न्यायला आला. भाताची बेणणी, तण काढायचं काम, खोळंबलं होतं त्यांचं. मी तिची बोचकी बांधत होते, तेव्हा ती जवळ येऊन हळू म्हणाली, "आई, चार दिस हितंच ऱ्हाऊ दे मला. अंगात कसकसतंय." आणि मी म्हणाले, "सासरा दारात बसलाय. लोकं म्हनतील, काम आलं की पोरगी दुखनं काढती. जा. तिकडं गेल्यावर बरं वाटंल." ती गेली. पंधरा दिवसांनी निरोप आला. ताप डोक्यात गेला होता. ओढ्यांना पाणी, वाट बंद, दवाखान्यात नेता आलं नाही.

एवढंच. एवढंच मी कुणाला सांगितलं नव्हतं. कारभाऱ्यांनाही नाही. त्यांच्या लेखी पोरगी हसत हसत सासरी गेली होती. दुखवट्याला माणसं त्यांना भेटायला यायची तेव्हा ते म्हणायचे, "शेवटची आली तवा लई आनंदात हुती." आणि मी भिंतीला टेकून ते ऐकायचे.

मी बोलून थांबले. मला वाटलं, आता तू म्हणशील, तुझी चूक नाही. किंवा म्हणशील, देवाची मर्जी, पण तू देव मानत नव्हतीस. तू मात्र उजवा पाय फडक्यानं पुसलास, डावा घेतलास, तो पहिल्यासारखाच सावकाश घासलास, पुसलास. मग गालातली सुपारी हातावर काढलीस आणि म्हणालीस, "आता माझे घे."

मला असा राग आला! एवढं काळीज काढून ठेवलं नि ही पाय पुढं करते! मी तुझे पाय रागानं घासले. तू 'आई गं' म्हणालीस तरी सोडले नाहीत. घरी जाताना वाटभर तुला शिव्या दिल्या. आणि धरणाच्या भिंतीपर्यंत आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ते सांगून झालंय आणि मी अजून चालतेय. जमीन फाटली नाही. तू मला हाकललं नाहीस. तुझे पाय मांडीवर घेण्याइतकी मी अजून माणसांत आहे.

त्यानंतरचं सगळं सोपं नव्हतं, पण वाट होती. तू एकेक सांगायचीस, दवाखान्यातल्या गोळीसारखं, एका वेळी एकच. आठवडाभर तेवढंच करायचं. पहिलं, रडण्याचं. "रडायला एक जागा ठरव नि एक येळ. बाकीच्या येळी रडू आलं तर त्याला म्हनायचं, थांब, गोठ्यात भेटू." मी गोठा धरला. सकाळची धार काढायच्या वेळी रडायचे. आठ दिवसांत आत्याबाईंनी तक्रार केली, "सून म्हशीला दुःख सांगतीय, म्हस दूध चोरायला लागली!" तू म्हणालीस, मग संध्याकाळी रड. दूध वाढलं. काही दिवसांनी असं व्हायला लागलं, की संध्याकाळी गोठ्यात जायचे, वाट बघायचे, आणि रडू यायचंच नाही. शेण भरून परत यायचे.

दुसरं, परतीची वाट चालायची. एस. टी. मिळत असली तरी चालायचं, आणि वाटेत भेटेल त्या पहिल्या माणसाला नावानं हाक मारायची. तिसरं, ताटात एक तरी ताजा घास. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं शिळं खायची मला सवय. तू म्हणालीस, एक भाकरी सगळ्यांच्या आधी, तव्यावरची, उभ्यानं खा, कुणी बघितलं तर म्हण मीठ बघते. मी आजही मीठ बघते.

देवऋषाचं मात्र तुझं मला नवल वाटलं. तू त्यातलं काही मानत नव्हतीस. मी म्हणाले, आत्याबाई पुन्हा लिंबू उतरवायला बसल्यात, मी नको म्हणणार. तू म्हणालीस, "उतरू दे की. नात त्यांचीबी गेलीय. त्यांच्या हाताला काय तरी करायला नको का?" तोवर मला कधी सुचलंच नव्हतं, की म्हातारी लिंबू माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी उतरवते.

पुढं दुष्काळाच्या साली रस्त्याच्या कामावर आम्ही बायका खडी फोडायला जायचो. तिथं एकीचा नवरा गेलेला, एकीला मूल नाही म्हणून घरात छळ, एक नुसतीच आभाळाकडं बघत बसायची. मी एकेकीला धरून तुझ्याकडं आणलं. तू डोक्याला हात लावलास. "पारे, वाटी एक, पाय धा!" मग तूच युक्ती काढलीस. पाच जणी गोल बसायचो, एकीचे पाय दुसरीच्या मांडीवर, दुसरीचे तिसरीच्या. वाटी फिरती. ज्यांच्या हातात वाटी नाही त्यांनी नुसत्या हातानं चोळायचं. आमच्या मराठ्यांच्या दोघी, धनगराची एक, मी आणि तू. पहिल्या दिवशी कुणी कुणाचा पाय घ्यायचा यावरून जी कुजबुज झाली! तू म्हणालीस, "ज्याला जात बघायचीय त्यानं तळपाय बघा. पाची जनींचे सारखे फुटल्यात." खडी फोडणाऱ्या हातांना खोबरेल लागलं, आणि हळूहळू एकेकीचं तोंड उघडलं.

आता भांडणाचं. तू माझ्या मागं एकच लकडा लावला होतास. "दाजींना सांग."

मी म्हणायचे, तुला सांगितलं ना, झालं की.

"मला सांगितलंस ते बरं केलंस. पन माझी लेक न्हवती ती. दाजींची हुती. आन् नुसतं सांगू नको. त्यांना म्हन, माझे पाय घासा."

"जीभ झडंल माझी! नवऱ्याला पाय लावू?"

"माझ्या मांडीवर लावतीस की."

"तू काय माझा नवरा हायेस?"

"न्हाई, म्हनून तर फिटत न्हाई तुझं."

एकदा तर तू म्हणालीस, तू सांगत नसशील तर बाजारात दाजी भेटतील तेव्हा मीच सांगते. मी वाटी आपटली. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तुझ्याकडं आले नाही. तुला वाटलं असेल मी भ्याले. मी भ्यालेच होते. मला वाटायचं, त्या माणसाकडं सुमनची एकच चांगली आठवण आहे, ती हसत गेल्याची. ती मी का मोडू? दिवाळीनंतर आले. तू म्हणालीस, "आलीस? पाय धू." तू त्यांना काही सांगितलं नव्हतंस, आणि मीही नाही. वर्षातून एकदा तू विषय काढायचीस, मी उडवून लावायचे. आपलं ते भांडण असंच राहिलं.

आणि माफी. ती कशाची ते तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं मी तुझे पाय घासले, पण तू स्वतःचं कधी बोललीच नाहीस. दवाखान्याचं, शेजारणीचं, लेकाच्या परीक्षेचं बोलायचीस. एकदाच, माझ्या गालात सुपारी असताना, सहज म्हणालीस, "आमी आधी भाटघरचंच, ठावं हाय का तुला? माझी आई तुमच्या दारावर यायची. तुमच्या आत्याबाई तरुण हुत्या. वरनं भाकरी टाकायच्या. म्या आईच्या मागं उभी असायची. एकदा भाकरी गरम हुती. तेवढी ध्यानात ऱ्हायली."

माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. पण घर तेच. म्हणजे दवाखान्यात मी कुठल्या घरची ते कळल्यावरही तू मला बोलावलंस. आणि मी पाण्याच्या तांब्याला नको म्हणत होते. त्या दिवशी सुपारी फुटली नाही, द्वारके. ती मी घट्ट धरून ठेवली. तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते? आज बोलते. आमच्या दारात तुझ्या आईला आणि तुला जे उभं केलं, त्याबद्दल मला माफ कर. आत्याबाई नाहीत, त्यांच्या वतीनंही मागते. तू म्हणशील, आता कशाला. पण तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत त्या दिवशी नव्हती, आणि नंतर दर बाजारी वाटे, पुढच्या बाजारी बोलू.

तू आजारी पडलीस ते सगळं महिन्याभरात आटपलं. मी शेवटची आले तेव्हा तू खाटेवर होतीस, जिथं तू दुसऱ्यांना उशी द्यायचीस त्याच दवाखान्यात. मी वाटी आणली होती. तुझे पाय घासले. इतके हलके झाले होते की धरायलाच भीती. मग सवयीनं तू हात पुढं केलास, माझ्या पायांसाठी. उठता येईना. तू म्हणालीस, "माझा नंबर दाजींना दे."

मी म्हणाले, "गप बस. बरी हो, मग बघू."

तू डोळे मिटून हसलीस. माझ्यावर तुझा भरोसा नव्हता, हे मला कळलं.

तर आता बातमी.

पुण्यानुमोदनाहून घरी आले. काल दुपारी कारभारी अंगणात अंबाडीचं दावं वळत बसले होते. मी वाटी नि तेल घेऊन त्यांच्यासमोर बसले. ते म्हणाले, "द्वारकाबाईंची आठवन येतीय व्हय?" आणि आपला पाय पुढं केला. मी म्हणाले, "तुमचा न्हाई. माझे घ्या."

त्यांनी आळीकडं पाहिलं. "आन् कुनी बघितलं तर?"

"बघू दे. म्हना, काटा काढतोय."

दावं बाजूला ठेवलं त्यांनी. माझा पाय मांडीवर घेतला. द्वारके, या माणसानं जन्मात बैलाचे खूर तेवढे हातात घेतले असतील. वाटी अशी धरली जसा काही विळा. मी डोळे मिटले आणि सांगितलं. पंचमी, बोचकी, तिचं बोलणं, माझं बोलणं. सगळं, एकही शब्द न गाळता.

ते घासायचे थांबले.  मग म्हणाले, "म्या ऐकलं हुतं."

मी डोळे उघडले.

"म्या पडवीत हुतो. भिंतीपलीकडं. पोरगी काय म्हनाली ते ऐकलं हुतं. उठून व्याहीबुवाला म्हनलो असतो, आठ दिस ऱ्हाऊ द्या, तर ऱ्हायली असती. माझ्या शब्दाबाहेर न्हवते ते. पन म्या कूस बदलली. म्हनलं, बायकांचं बोलनं, त्यांचं त्या बघतील." मग माझ्या पायाकडं बघत म्हणाले, "लोकांना सांगायचो, हसत गेली. ते खोटं हाय हे मलाबी ठावं हुतं. पन म्या ऐकलंय हे तुला कळू नये, तुझ्या जिवाला लागू नये, म्हनून तेच म्हनायचो."

पंधराएक वर्षं, बघ. एका घरात, एका ताटाला. मी त्यांची आठवण सांभाळत होते नि ते माझी. तू म्हणायचीस तेव्हा सांगितलं असतं तर एवढी वर्षं वाचली असती. हे भांडण तू जिंकलीस, द्वारके. कबूल करते. तुला ऐकायला कान असते तर तू केवढी मिरवली असतीस.

मग त्यांचे पाय मी घेतले. ते बोलत राहिले. हा माणूस वर्षभरात जेवढा बोलत नाही तेवढा काल बोलला. सुमन लहानपणी त्यांच्या पाठीवर बसून शेतात यायची ते, तिला आंबेमोहराचा कच्चा तांदूळ खायची खोड होती ते. मी विसरलेलं कितीतरी त्यांच्यापाशी होतं. गुरं परत आली तरी आम्ही तिथंच. म्हशीनं हंबरून हंबरून आम्हाला उठवलं.

उठताना ते म्हणाले, "तिच्या सासूला कुनी इचारलं असंल का गं? तिच्या तर मांडीवर गेली पोरगी."

मी कधी विचारलं नव्हतं. सुमन गेल्यापासून गुंजवण्याचं नाव घरात काढलेलं मला चालायचं नाही. त्या बाईनं दोन-तीनदा निरोप धाडला होता, मी उत्तर दिलं नाही. मनात मी सगळा दोष तिच्यावर टाकला होता, माझा थोडा हलका व्हावा म्हणून. ओढ्याला पाणी होतं तेव्हा ती तापलेल्या पोरीपाशी बसून काय करत असेल, हा विचार मी इतक्या वर्षांत एकदाही केला नाही.

तेव्हा उद्या सकाळी आम्ही दोघं निघतोय. नसरापूरपर्यंत एस. टी., पुढं मिळेल ते, नाही तर चालत. कारभाऱ्यांनी नवं धोतर काढलंय. मी तांदळाची पिशवी बांधलीय. तिथं पोचल्यावर आधी काय बोलायचं ते मला अजून सुचत नाही. पण न बोलताही तिच्या अंगणात बसता येईल मला. ते तू शिकवलंस.

जाऊन येते गं.